जुन्या छोट्या लेथचा झिजलेला, फुटका बेड: कुठे हात लावायचा आणि कुठे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेबलावर बसणारा जुना लेथ (काम फिरवून धातू कापणारं यंत्र) हाती आला आहे. केंद्राची उंची ९० मिमी, दोन केंद्रांमध्ये साधारण ५०० मिमी. बेडला पुढे व्ही आकाराचा आणि मागे सपाट गाइडवे, म्हणजे टूल वाहणारी गाडी (सॅडल) सरकते ती पट्टी. चकजवळच्या (काम धरून फिरवणाऱ्या जबड्यांजवळच्या) दीडशे मिलिमीटरमध्ये नखाला लागेल अशी पायरी पडली आहे. चकच्या खाली करवतीचे आणि जबड्यांचे खोल घाव आहेत. मागच्या सपाट गाइडवेची आतली कड ३० मिमी लांब आणि ६ मिमी रुंद इतकी उडालेली आहे. गिब (सॅडलचा ढिलेपणा काढणारी पट्टी) चकजवळ नीट बसवली की टेलस्टॉकच्या (दुसऱ्या टोकाच्या आधाराच्या) बाजूला सॅडल जाम होतं, आणि १५० मिमी लांबीचा तुकडा टर्न केला की दोन टोकांच्या व्यासात ०.०८ मिमी फरक येतो. बेड वेल्ड करावा, ग्राइंड करून घ्यावा, की मशीन भंगारात द्यावं?

यात तीन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत, आणि त्यांची गंभीरता दिसण्याच्या नेमकी उलट आहे. घाव सगळ्यात भयंकर दिसतात, पण मापावर त्यांचा परिणाम जवळजवळ शून्य. उडालेली कड डोळ्यांत खुपते, पण नेमकी कुठली कड उडाली यावर सगळं ठरतं. झीज मात्र फारशी दिसत नाही, आणि काम बिघडवते ती तीच. शिवाय तुमचा ०.०८ चा टेपर (दोन टोकांच्या व्यासातला फरक) या तिन्हींपैकी कशामुळेच येत नसेल, ही शक्यताही चांगलीच मोठी आहे. म्हणून बेडवरून धातू काढण्याचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे. बेड हार्डन, म्हणजे मुद्दाम कडक, केलेला आहे का? हेडस्टॉक (चक फिरवणारा भाग) बेडपासून सुटतो का? टेलस्टॉक सॅडलच्याच गाइडवेवरून चालतो की त्याला स्वतःचे वेगळे गाइडवे आहेत? आणि या मशीनवर तुम्हाला करायचं काय आहे? बुश, छोट्या शाफ्ट, मॉडेल इंजिनाचे भाग यांत काम बहुतेक ५०-६० मिमी लांबीचं असतं, तिथे बरीच झीज खपून जाते. ३०० मिमीची शाफ्ट ०.०१ मिमीत सरळ हवी असेल तर खपत नाही.

आता थोडी भूमिती, कारण तिच्याशिवाय झिजेच्या आकड्याला अर्थ नाही. बेड झिजला म्हणजे टूल खाली गेलं, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. पण टूल सरळ खाली गेल्याने फारसं काही बिघडत नाही. २५ मिमी व्यासाच्या कामावर टूलचं टोक ०.१ मिमी खाली उतरलं तर त्रिज्या वाढते ०.१ चा वर्ग भागिले व्यास, म्हणजे ०.०१ भागिले २५, म्हणजे ०.०००४ मिमी. व्यासात एक मायक्रॉनसुद्धा फरक नाही. ३ मिमीच्या पिनवर तोच उतार व्यासात सुमारे ०.००७ मिमी देतो, तेव्हा कुठे तो मोजण्याजोगा होतो.

नुकसान होतं ते टूल आडवं सरकल्याने. जेवढं सरकेल त्याच्या दुप्पट फरक व्यासात पडतो. आडवं सरकण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली, व्हीचा एकच उतार जास्त झिजणे. ९० अंशांच्या व्हीचा एक उतार ०.०५ मिमी झिजला तर सॅडल दुसऱ्या उतारावरून घसरतं, ०.०३५ खाली आणि ०.०३५ बाजूला. व्यासात ०.०७ मिमी गेले. दुसरी वाट म्हणजे पुढचा गाइडवे मागच्यापेक्षा जास्त खाली जाणे. एप्रनचं (सॅडलच्या पुढे लटकणाऱ्या पेटीचं) वजन आणि कापण्याचा बराचसा दाब पुढच्या बाजूला येत असल्याने हे नेहमीचंच. मग अख्खं सॅडल तुमच्याकडे कलतं आणि टूल कामापासून दूर जातं. तुमच्या मशीनवर दोन गाइडवेंमधलं अंतर १२० मिमी आहे असं धरू. टूल गाइडवेच्या ९० मिमी वर आहे. पुढची बाजू ०.१० मिमी खाली गेली की टूल ०.०७५ मिमी तुमच्याकडे येतं आणि व्यास ०.१५ मिमीने वाढतो.

उलट हिशेब केला तर तुमचा सगळा ०.०८ टेपर झिजेमुळेच असेल असं धरूनही पुढचा गाइडवे मागच्यापेक्षा जेमतेम ०.०५ मिमी जास्त खाली गेलेला निघतो. एवढ्यासाठी कोणी बेड भंगारात देत नाही.

टेपर खरंच झिजेचा आहे का, हे ठरवायला दोन कॉलर (गजावर जाड ठेवलेले पट्टे) पुरत नाहीत, तीन लागतात. ४० मिमी व्यासाचा सरळ गज चकमध्ये धरा, १५० मिमी बाहेर ठेवा, टेलस्टॉकचा आधार देऊ नका. चकजवळ, मधोमध आणि टोकाला प्रत्येकी १५ मिमी रुंदीच्या तीन कॉलर ठेवून त्यांच्यामधला भाग मिलिमीटरभर खाली घ्या. धारदार एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने ०.०५ मिमीचा शेवटचा कट तिन्हींवरून एकाच फेरीत घ्या, मध्ये क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) डायलला हात लावू नका. मग मायक्रोमीटरने तिन्ही व्यास घ्या. २५ मिमीचा गज या चाचणीला चालत नाही. टोकाला ५० न्यूटनचा दाब आला तरी १५० मिमी बाहेर असलेला २५ चा गज ०.०१५ मिमी वाकतो आणि व्यासात ०.०३ चा खोटा टेपर दाखवतो. ४० चा गज त्याच्या साडेसहा पट ताठ असतो.

तिन्ही व्यासांमधला फरक सारख्या टप्प्यांनी वाढत किंवा कमी होत गेला, तर दोष हेडस्टॉकच्या रेषेत किंवा बेडच्या पिळात आहे. मधली आणि टोकाची कॉलर सारखी आणि फक्त चकजवळची जाड, तर ती झीज. टोकाचीच कॉलर एकदम जाड आली, तर गज वाकतो आहे किंवा स्पिंडल बेअरिंगमध्ये खेळ आहे. तो खेळ आधी पाहून घ्या. स्पिंडलच्या (चक बसतो त्या फिरत्या दांड्याच्या) नाकावर डायल इंडिकेटर लावून लाकडी दांड्याने हलकेच उचला. साध्या कांस्य बेअरिंगमध्ये ०.०२ ते ०.०३ मिमी खेळ तेलाच्या थरासाठी लागतोच. त्याहून जास्त असेल तर टोपीखालच्या शिम (पातळ पत्रे) एकेक करून काढा, आणि काढल्यावर स्पिंडल हाताने मोकळा फिरतो ना ते बघा.

पिळाचं म्हणाल तर एवढ्या लहान मशीनचा बेड हट्टी दिसतो, पण टेबलाला बोल्ट आवळताना सहज पिळतो. चारही बोल्ट सैल करा, प्रत्येक पायाखाली फिलर गेज (फट मोजायची पाती) घालून पाहा, जिथे फट आहे तिथे तेवढीच शिम घाला आणि मगच आवळा. ०.०२ मिमी प्रति मीटर दाखवणारी प्रिसिजन लेव्हल मिळाली तर ती बेडवर आडवी ठेवून दोन्ही टोकांचं वाचन सारखं करा. मशीन जमिनीला समांतर असायची गरज नाही, फक्त दोन्ही टोकं एकमेकांशी जुळायला हवीत. लेव्हल नसेल तर कॉलरच लेव्हलचं काम करतात. टेलस्टॉककडची कॉलर जाड येत असेल तर त्या टोकाचा पुढचा पाय उचलायचा, बारीक येत असेल तर मागचा. ०.१ मिमी शिमने सुरुवात करा, आवळा, पुन्हा कट घ्या. निम्म्याहून जास्त टेपर इथेच जातो, असा माझा अनुभव आहे. म्हणून बेडची मापं घेण्याआधी हे उरकून घ्यायचं.

मग सफाई. रॉकेल, ब्रश, गंजावर तेल आणि सपाट धरलेलं ब्लेड. बेडवर पॉलिश पेपर किंवा एमरी चालवू नका. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) छिद्रांत घुसलेले कण तिथेच राहतात आणि सॅडल खात बसतात. जुना रंग काढायचा असेल तर कोरडा घासू नका, त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं. ओला करून खरवडा.

घावांचा इलाज साधा आहे. खड्डा पडतो तेव्हा धातू बाजूला ढकलला जाऊन खड्ड्याच्या कडा उंचावतात. सॅडलला अडथळा होतो तो या उंच कडांचा, खड्ड्याचा नाही. सपाट, बारीक दाण्याचा तेलाचा दगड घ्या. दगड स्वतः सपाट आहे ना हे आधी बघा. थोडं तेल सोडून दगड बेडवर पूर्ण टेकवून लांबीच्या दिशेने सरकवा. उंच कड असेल तिथे दगड अडखळतो आणि चकचकीत ठिपका दिसतो. अडखळणं थांबलं की थांबा. खड्डे भरलेच पाहिजेत असं नाही. फार खोल असतील आणि त्यात बुरा साठत असेल तर धातूची भुकटी मिसळलेला इपॉक्सी भरून पृष्ठभागापेक्षा ०.०५ ते ०.१ मिमी खालीच ठेवा. कानस, बेल्ट सँडर किंवा हँड ग्राइंडर बेडच्या आसपासही येऊ देऊ नका.

आता उडालेली कड. ३० गुणिले ६ म्हणजे १८० चौरस मिलिमीटर. तुमच्या सॅडलची मागची टेकण्याची जागा १८० लांब आणि २० रुंद धरली तर ३६०० चौरस मिलिमीटर. म्हणजे सॅडल नेमकं त्या जागेवर असतानाही फक्त ५ टक्के आधार कमी होतो. बाकीच्या वेळी काहीच नाही. आतल्या कडेखाली गिब किंवा पकडपट्टी (सॅडल वर उचलू न देणारी खालची पट्टी) चालत नसेल, तर फुटलेली धार ४५ अंशांत मोडा, खाच इपॉक्सीने भरा, पुढच्या कामाला लागा.

पण उडालेल्या भागाखालूनच सॅडलची पकडपट्टी जात असेल, म्हणजे तो ओठच बेडला धरून ठेवत असेल, तर नुसतं भरून भागत नाही. इपॉक्सी तिथे ओढीखाली सुटतो. मग बिडाचा तुकडा बसवायचा. फुटलेल्या जागी मिलिंगवर चौकोनी, निदान ८ मिमी खोल खाच घ्या. त्यात बसेल असा ओतीव बिडाचा तुकडा करा, ०.०२ मिमी ढिला. ठोकून घट्ट बसवाल तर तो पाचरीसारखा बेडला फाकवेल. दोन एम५ स्क्रू, डोकी निदान ३ मिमी आत, वर भोकं बुजवायला बिडाचे गुल्ले, फटीत इपॉक्सी. वरचा पृष्ठभाग ०.०५ ते ०.१ मिमी उंच ठेवा आणि नंतर खरवडून बेडच्या पातळीला आणा.

वेल्डिंगचं उत्तर नाही असं आहे, आणि कारण समजून घ्या म्हणजे कोणी आग्रह केला तरी डगमगणार नाही. बिडात २.५ ते ४ टक्के कार्बन असतो. वेल्डच्या शेजारचा पट्टा पटकन थंड झाला की तो काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो, तिथूनच नवा तडा जातो, आणि त्या कडक भागावर पुढे स्क्रेपर (हाताने धातू खरवडायचं हत्यार) चालत नाही. निकेलची कांडी आणि आधी तापवणं याने तडा टळेलही, पण बेडच्या एका बाजूला इतकी उष्णता गेली की बेड वाकतो, आणि ते वाकणं आत्ताच्या तुमच्या झिजेच्या कितीतरी पट असू शकतं. ब्रेझिंगलाही तेच लागू. बेडचा पाय किंवा एखादा ब्रॅकेट तुटला असेल तर गोष्ट वेगळी, गाइडवेजवळ ज्योत नको.

इतका मार खाल्लेल्या बेडला तडा आहे का ते मात्र नक्की तपासा. संशयित जागी रॉकेल लावून दहा मिनिटं मुरू द्या, कोरडं पुसा, खडूची भुकटी भुरभुरा आणि लाकडी हातोडीने हलकेच ठोका. तडा असेल तर आतलं रॉकेल वर येऊन भुकटीत रेघ उमटते. आतल्या आडव्या फासळीत तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीची भोकं पाडून थांबवता येतो, थंड पद्धतीने, म्हणजे न तापवता, धातूचे टाकेही घालता येतात. गाइडवेच्या आरपार गेलेला तडा असेल तर तो बेड सोडून द्या. मशीन भंगारात देण्याचं मी मानतो असं हेच एक कारण.

झिजेचं मोजमाप. सपाट गाइडवेसाठी सगळ्यात सोपं साधन मायक्रोमीटर. गाइडवेच्या ओठाचा वरचा आणि खालचा पृष्ठभाग धरून जाडी मोजा. खालची बाजू फक्त पकडपट्टी घासते म्हणून ती फार कमी झिजते. चकपासून पहिल्या २५० मिमीत दर २५ मिमीला, पुढे दर ५० मिमीला वाचन घ्या आणि कागदावर आलेख काढा. हाच फरक तुमचं सॅडल दुसऱ्या टोकाला जाम करतो.

व्हीसाठी सॅडल काढा. टेलस्टॉकला स्वतःचा गाइडवे असेल तर नशीब चांगलं. त्यावर नीट बसणारा एक ठोकळा करा, त्याला डायल लावा आणि डायलचं टोक व्हीच्या एका उताराला टेकवून ठोकळा लांबीभर सरकवा. मग दुसरा उतार. टेलस्टॉकचे गाइडवेही झिजतात, पण वेगळ्या जागी आणि कमी. टेलस्टॉक सॅडलच्याच गाइडवेवर चालत असेल तर स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) लागेल. सॅडल कधी पोचत नाही अशी हेडस्टॉकलगतची जागा आणि टेलस्टॉकचं टोक, या दोन ठिकाणी १० मिमीचे सारखे गेज ब्लॉक (अचूक मापाचे ठोकळे) ठेवा, त्यावर स्ट्रेट एज, आणि मधली फट मोजा. फट १०.०७ आली की तिथे ०.०७ ची झीज.

माझा ठोकताळा असा, तोही फक्त हौशी कामाच्या मशीनसाठी. सगळ्यात खोल जागी झीज ०.०५ मिमीपर्यंत असेल तर बेडला हात लावू नका. सॅडल दुरुस्त करा, पीळ काढा आणि वापरा. ०.०५ ते ०.१२ पर्यंत हाताने स्क्रेपिंग शक्य आहे आणि फायद्याचंही. ०.१५ च्या वर ग्राइंडिंग. मधला पट्टा तुमच्या चिकाटीवर सोडतो.

स्क्रेपिंगमध्ये लोकांचा अंदाज एका ठिकाणी चुकतो: झिजेचा खड्डा भरता येत नाही, त्याच्या तळापर्यंत बाकीचा सगळा बेड खाली आणावा लागतो. एका फेरीत ०.००३ ते ०.००५ मिमी निघतं, सुरुवातीच्या रांगड्या फेऱ्यांत ०.०१ पर्यंत. ०.०६ साठी पंधराएक फेऱ्या, त्याही व्हीचे दोन उतार आणि मागचा सपाट असे तीन पृष्ठभाग, प्रत्येक जवळपास ९०० मिमी लांब. स्ट्रेट एज निदान ५०० मिमी हवा. त्याला प्रशियन ब्ल्यूचा (खूण उमटवणाऱ्या निळ्या रंगाचा) अगदी पातळ थर लावायचा, बेडवर थोडा सरकवायचा, निळे ठिपके खरवडायचे, दर फेरीत दिशा बदलायची. २५ मिमीच्या चौकोनात आठ-दहा ठिपके सारखे पसरले की बेडसाठी पुरे. वीस ठिपक्यांचा हट्ट सरफेस प्लेटसाठी ठेवा.

हेडस्टॉक जिथे बसतो ती जागा स्क्रेप करू नका. ती न झिजलेली आहे, कारखान्यातून आलेली रेषा तिथे शिल्लक आहे. नवे पृष्ठभाग तिला समांतर आहेत ना हे दर काही फेऱ्यांनी डायलने तपासत राहा. सॅडल यामुळे स्पिंडलच्या तुलनेत ०.०६ खाली जाईल, ते टूलखाली शिम घालून भरून निघतं. टेलस्टॉक त्याच गाइडवेवर असेल तर त्याच्या तळ आणि अंगाच्या मध्ये शिम घाला. नवं टेलस्टॉकही थोडं उंचच बसवतात, कारण ते झिजून खालीच येणार असतं.

ग्राइंडिंगला देण्याआधी बेडच्या शेवटच्या टोकाला, वापरात नसलेल्या कोपऱ्यावर, एवढ्यापुरती, कानस फिरवून पाहा. कानस चावली तर बेड मऊ, घसरली तर हार्डन केलेला. हार्डन बेड स्क्रेप होत नाही, त्याला ग्राइंडिंगशिवाय पर्याय नाही, आणि कडक थर ठरावीक खोलीचाच असतो. ग्राइंडिंग करणाऱ्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. बेड तीन बिंदूंवर टेकवायचा आणि वाकेल इतका आवळायचा नाही, नाहीतर सोडल्यावर ग्राइंड केलेली सरळ रेषा परत वाकडी होते. हेडस्टॉक सुटत असेल तर त्याची बैठकसुद्धा त्याच सेटिंगमध्ये घ्यायची. आणि व्हीचा हिशेब वेगळा: ९० अंशांच्या व्हीवर सॅडल ०.२ मिमी खाली आणायचं असेल तर प्रत्येक उतारावरून ०.१४ काढायचे, सपाटावरून पूर्ण ०.२. दोन्हीकडे सारखंच काढलं तर सॅडल पुढच्या बाजूला जास्त उतरेल आणि कलेल.

ग्राइंडिंगनंतरचं काम लोक विसरतात. समजा बेडमधून ०.१५ गेले आणि सॅडल जुळवताना आणखी ०.१. एप्रन एकूण ०.२५ मिमी खाली आलं. आता हाफ नट, म्हणजे सॅडल ओढणाऱ्या लांब लीड स्क्रूला धरणारा नट, बंद केला की तो त्या स्क्रूला खाली ओढतो. मध्यभागी स्क्रू लवतो म्हणून कळत नाही, पण टोकांजवळ हाफ नट जड जातो आणि एका बाजूने झिजतो. सॅडल हाताने सरकवणाऱ्या दातेरी पट्टीचा (रॅकचा) पिनियनही लांब जाऊन खेळ वाढतो. उपाय दोनच. लीड स्क्रूचे ब्रॅकेट आणि गिअरबॉक्स तेवढेच खाली घ्या आणि त्यांची जागा पक्की करणाऱ्या पिना नव्याने बसवा, किंवा सॅडलच वर उचला.

उचलण्यासाठी सॅडलच्या खालच्या बाजूला टर्साइटसारखी पीटीएफईची पट्टी चिकटवतात, किंवा मोग्लाइससारखा ओतायचा इपॉक्सी वापरतात. दोन्ही सॅडलला, बेडला कधीच नाही. पट्टीला स्वतःची जाडी असते, म्हणून सॅडल आधी मिल करून तेवढी जागा करावी लागते. ओतायच्या पद्धतीत सॅडलखाली साधारण १.५ ते २ मिमी जागा ठेवून ते चार छोट्या जॅक स्क्रूंवर उभं करतात, क्रॉस स्लाइड स्पिंडलला काटकोनात आणि लीड स्क्रू हाफ नटच्या मध्यावर आणतात, बेडला सुटण्याचं मेण लावतात आणि मग इपॉक्सी भरतात. ज्याला स्क्रेपिंग येत नाही त्याने हीच वाट धरावी असं मी सांगेन. ओतताना सॅडल बेडच्या न झिजलेल्या भागावर ठेवा, नाहीतर खड्ड्याचाच साचा सॅडलवर उतरेल.

सॅडलबद्दल एवढं लिहिण्याचं कारण आहे. बेडपेक्षा सॅडल आधी तपासा असं म्हटलं तरी चालेल. खड्ड्यात वर्षानुवर्षं चालून त्याचा तळ लांबीच्या दिशेने फुगीर होतो, चकच्या बाजूचं टोक सगळ्यात जास्त झिजतं कारण बुरा तिथूनच आत शिरतो. सॅडल टेलस्टॉकच्या न झिजलेल्या टोकावर ठेवा, त्याच्या एका पंखाच्या (बेडच्या लांबीत पसरलेल्या भागाच्या) टोकाला बोटाने दाबा आणि दुसऱ्या टोकाला डायल लावा. डोलत असेल तर बेड कितीही सरळ केला तरी टूल प्रत्येक कटला वेगळं बसणार. सॅडल बेडवर लॅपिंग पेस्ट घालून घासून जुळवण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल; तो ऐकू नका. पेस्ट दोघांनाही टोकांकडे जास्त खाते, आणि मागे राहिलेले कण झीज चालूच ठेवतात.

सॅडल जुळवताना क्रॉस स्लाइडचा काटकोनही तिथेच ठरतो. तपासायला १०० मिमीची तबकडी चकमध्ये धरून कडेपासून मध्यापर्यंत फेसिंग करा. मग टूलच्या जागी डायल लावून क्रॉस स्लाइड मध्याच्या पलीकडे, मागच्या अर्ध्या भागावर न्या. पुढच्या अर्ध्यावर डायल शून्यच दाखवणार, कारण तो पृष्ठभाग त्याच रेषेने कापला आहे. मागच्या अर्ध्यावर चुकीच्या दुप्पट वाचन येतं. पृष्ठभाग मध्याकडे किंचित खोलगट आला तर चालतो, ५० मिमीवर ०.०१ पर्यंत. फुगीर आला तर अजिबात नाही, दोन फेस एकमेकांवर ठेवले की ते डोलतात.

कामाचा क्रम: बेअरिंग, पीळ, तीन कॉलर, घाव, तडा, मोजमाप, मग गरज असेल तरच बेड, त्यानंतर सॅडल, क्रॉस स्लाइड, टेलस्टॉक, आणि गिब सगळ्यात शेवटी. बेडला हात लावायचा नाही असं ठरलं तर गिब सर्वात घट्ट जागी मोकळी चालेल अशी बसवा. चकजवळ थोडा ढिलेपणा राहील, तिथे हलके कट घ्या. बेडला व्हीजी ६८ जाडीचं स्लाइडवे तेल आणि सॅडलच्या चारही टोकांना नवे नमद्याचे वायपर लावा. जुने वायपर बुऱ्याने भरलेले असतात, ते धुऊन परत बसवू नका.

तीन कॉलरचे व्यास, व्हीच्या दोन्ही उतारांची आणि मागच्या गाइडवेची दर २५ मिमीची वाचनं, उडालेल्या कडेखालून पकडपट्टी जाते की नाही, आणि बेडवर कानस चावते की घसरते, एवढं कळवा. स्क्रेपिंग की ग्राइंडिंग हे त्यावरून नक्की सांगता येईल.